विहिरीतला गाय

कामिनी काळमेघला एका जागी बसवत नाही. लहानपणी तिची आई म्हणायची, या पोट्टीच्या पायाले देवानं भिंगरी बांधून धाडलं. आता चौतिशी ओलांडली, नावामागे डिग्री लागली, शहरातल्या सदर भागात चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर स्वतःचा दवाखाना झाला, तरी तेच. पेशंट बसलेला आणि ही उभी. उभी म्हणजे तरी काय, एक टाच सारखी वर-खाली, जसं कोणी शिलाई मशीन चालवून राहिलं. आणि बाईनं धंदा असा निवडला, की ज्यात गप राहून ऐकावं लागतं.

कानाचे डॉक्टर वेगळे. ते कानात डोकावतात, थेंब देतात, चिरफाड करतात. कामिनी ऐकणं मोजते. कोणत्या सुराला कान अजून दाद देतो आणि कोणत्या सुराला मेला, ते कागदावर काढून देते. नरखेड तालुक्यातल्या तिच्या गावात हे अजून कोणाला धड सांगता येत नाही. बाप रुपराव संत्र्याच्या बाजारात कोणी विचारलं तर सांगून मोकळा होतो, "पोरगी कानाची इंजिनेर आहे." ते फार चूकही नाही.

तिच्याकडे अर्धे येतात म्हातारे आणि अर्धे कामगार. कामगार येतात विम्याच्या कागदावर. गोंगाटात राबून राबून कान गेले तर तो कामाचा आजार धरतात. त्याची भरपाई असते, बिनगोंगाटाचं काम मागता येतं. पण कान गेला हे कोणीतरी लिहून द्यावं लागतं. हात तुटला तर आंधळ्यालाही समजतं. कान गेला तरी तो डोक्याला लटकलेलाच असतो. म्हणून डॉक्टरांचं बोर्ड बसतं, आणि बोर्डापुढे कामिनीसारखीचा रिपोर्ट जातो. विम्याच्या यादीत तिचं नाव लागून सहा वर्षं झाली. नऊशेवर कामगार तपासले असतील.

त्यातून तिला एक घमेंड चढली होती. सोंग पकडायची. काही जण खरंच सोंग घेऊन येतात, ठार बहिरे होऊन. कामिनी त्यांच्याकडे पाठ करते, फाईल चाळल्यासारखं करते, आणि हळूच म्हणते, "भाऊ, पॅन्टची चेन उघडी आहे." ठार बहिऱ्याचा हात लगेच खाली जातो. मग ती वळून गोड हसते. हा किस्सा ती लग्नाकार्यात सांगते, आणि लोक पोट धरून हसतात.

मार्चमध्ये चंपतराव आला. मूळचा वरुडकडचा, शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका वर्कशॉपात ट्रकच्या बॉड्या बांधायचा. बावीस वर्षं पत्र्यावर हातोडा. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. ऐकू कमी येणाऱ्याची ती सवयच असते, ओठ वाचायची.

आवाज बंद राहावा म्हणून फोमने मढवलेली, दोन दारांची एक खोली आहे कामिनीकडे. तिला ती पेटी म्हणते. आत माणूस बसतो, कानाला हेडफोन; काचेबाहेर कामिनी, मशीन आणि माईक. आधी सुरांची तपासणी झाली. सूर कितीही हळू आला तरी बटण दाबायचं. चंपतरावाने इमानदारीने दाबलं. जाड सूर ठीक निघाले, वरच्या बारीक सुरांना कागदावरच्या रेषेत खड्डा. पत्रा ठोकणाऱ्याचा खड्डा ठरल्या जागीच पडतो. रुपरावाला झाडाच्या बुडाकडे बघून डिंक्या रोग ओळखता येतो, तसा कामिनीला तो खड्डा ओळखता येतो.

मग शब्दांची तपासणी. तोंडापुढे पुठ्ठा धरायचा, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि एकेक शब्द म्हणायचा. पेशंटने तो परत म्हणायचा. पंचवीस शब्द. वाडीचा कामगार म्हटलं की कामिनी हिंदी यादी घ्यायची. तिकडे निम्मे बालाघाटचे, छत्तीसगडचे, बिहारचे. चंपतराव म्हणाला, "मराठी लावा, मॅडम." म्हणून तिने मुंबईच्या कॉलेजातली जुनी यादी ड्रॉवरातून काढली.

"हात."

"हात," स्पीकरातून चंपतराव.

"माळ."

"माय."

चूक. कामिनीने फुली मारली.

"काळ."

"काय."

"ऐकू आलं नाही का? मी म्हणते तोच शब्द म्हणा, काका. काळ."

"काय!" चंपतराव जोर लावून म्हणाला.

फुली. पुढे "चाळ" म्हटलं तर तो म्हणाला, "चाय."

"चहा नंतर," कामिनी माईकवर म्हणाली. "आधी टेस्ट."

चंपतराव काचेतून बावचळून बघत राहिला, मग मान डोलावली. मोठ्या दवाखान्यातली रीत असेल एखादी. "जाळ" म्हटलं तर म्हणाला, "जाय." "बाळ" म्हटलं तर म्हणाला, "बाय." बाहेर बाकावर नऊ माणसं ताटकळत होती आणि कामिनीची टाच आता धावतच सुटली होती. पंचवीसपैकी अकरा बरोबर.

हे बसत नव्हतं. एवढ्या खड्ड्याला सतरा-अठरा तरी यायला पाहिजेत. आणि चुकाही अशा, की ज्याला ऐकू येत नाही तो करत नाही. तो चाचरतो, अंदाज घेतो. हा माणूस ठसक्यात, एका दमात भलतंच बोलत होता. कामिनीला चेनची युक्ती करायची गरजही वाटली नाही. कॉम्प्युटरमध्ये तिच्याकडे एक तयार वाक्य होतं, ते तिने रिपोर्टात चिकटवलं: उत्तरे असंबद्ध, श्रवणदोष हेतुपुरस्सर वाढवून दाखविल्याची शक्यता नाकारता येत नाही. सही केली आणि पुढच्याला हाक मारली.

मे महिन्यातल्या एका सोमवारी चंपतराव परत जिना चढून आला. सोबत त्याची बायको यमुताई. यमुताईने पदराने घाम पुसला, पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवून त्यावर हाताचा पंजा आपटला.

"तुम्हीच का त्या कानवाल्या मॅडम?"

"हो. बसा ना."

"बसाले नाही आली. हे वाचा. तुमच्याच हातचं आहे म्हणतात."

बोर्डाचं पत्र होतं. दावा नामंजूर. खाली कारण, म्हणजे कामिनीचंच ते वाक्य.

"बाई, तीस वर्सं झाले, मी या माणसासंगं संसार करून राहिली," यमुताई म्हणाली. "पयले हाक मारली तं यायचा. आता ताट आपटा लागते. तीन ताटं चेपटले माह्या घरचे. अन् तुम्ही लिहून देता का याले ऐकू येते?"

"ऐकू येतं असं नाही लिहिलं मी."

"मंग काय लिहिलं?"

चंपतराव इतका वेळ दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. आता तो पुढे झाला. "मॅडम, ते हेतुपुरस्सर म्हंजे काय?"

"मुद्दाम," कामिनी म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. मग तिला ते मोठ्याने म्हणावं लागलं, बाकावरचे सगळे ऐकतील इतकं. "मु-द्दा-म!"

"म्हंजे सोंग."

कामिनीने पत्र त्याच्याकडे परत सरकवलं.

"अर्ज केला तवा मले हातोड्यावरून काढून स्टोअरात टाकलं होतं," चंपतराव जमिनीकडे बघत म्हणाला. "नट-बोल्ट द्याचे फक्त. कानाले आराम होता. हे पत्र आलं अन् सुपरवायझर साऱ्याइच्या समोर म्हणे, चलो नाटक कंपनी, हथौड़ा उठाओ. दीड महिना झाला. जे काही उरलं होतं तेही चाल्लं आता. पोरं जाता-येता टाया पिटतात, का वा, काय ॲक्टिंग केली."

गुरुवारी बोर्ड पुन्हा बसणार होतं, अपिलासाठी. नवा काही कागद असला तर आणा म्हणाले होते. नसला तर विषय संपला.

"काका, मशीन खोटं नाही बोलत," कामिनी म्हणाली.

"मशीनले तोंडच नाही तं काय बोलीन थे?" यमुताई म्हणाली. "लिवता तं तुम्हीच ना? चाला हो, चाला. हिच्यापाशी काई नाही भेटत."

दोघं वळली. चंपतराव पुढे, जिन्याकडे. कामिनीला राहवलं नाही. जुनी खोड. ती हळूच म्हणाली, "काका, पॅन्टची चेन उघडी आहे."

चंपतराव तसाच पायऱ्या उतरत गेला. खांदासुद्धा हलला नाही. यमुताई मात्र गर्रकन वळली. तिने कामिनीला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"पायजामा आहे बाई त्याले. नाडीचा."

बाकावर कोणीतरी फसकन हसलं. कामिनीने पुढच्या पेशंटला हाक मारली, पण त्याचं नाव चुकीचं घेतलं.

तो दिवस तिचा धड गेला नाही. तीनदा चंपतरावाचा कागद काढला, तीनदा ठेवला. खड्डा खरा होता, अकरा हा आकडाही खरा होता. हे दोन्ही एकाच माणसाचे कसे, ते कोडं सुटत नव्हतं. काहीतरी टोचत होतं आणि काटा कुठे आहे ते दिसत नव्हतं.

मंगळवारी अकरा वाजता धाकट्या भावाचा, जितेंद्रचा फोन आला. बाप थकल्यापासून बगिचा तोच बघतो. मागे कसली तरी मोटार धडधडत होती.

"कामे, बाबूजी विचारून राहिले, रविवारी येतं का वं?"

"बघते. काय चालू आहे तिकडे?"

"काई नाही. विहिरीतून गाय काढून राहिलो."

"अरे बापरे! गाय? कोणाची?"

"कोणाची म्हंजे? आपल्याच विहिरीतून ना."

"जिवंत आहे का?"

"कोन?"

"गाय, रे! पाय-बिय मोडला का? वर कशी काढता?"

"यारी लावली ना सकाऊनपासून. बकेटी भरून भरून काढून राहिले."

"बकेटीनं?" कामिनी खुर्चीवरून उठलीच. "जितू, तुकडे केले का तिचे?"

मग जो हसण्याचा स्फोट झाला, तो मोटारीच्या वर ऐकू आला. "अवं बह्याडे! गाय नाही वं, गाय! गाय! बुडाचा! चिखल, चिखल!" आणि तिकडच्या लोकांना, "ए गा, ऐका, हे काय म्हणते! म्हणते गायीचे तुकडे केले का! अन् मुंबईले शिकून आली म्हणते!"

यारीवरची, म्हणजे विहिरीच्या क्रेनवरची, माणसं हसली, मागून रुपरावाचा आवाज आला, "काय झालं गा?" आणि कामिनीही हसायला लागली. गाळ. विहिरीतला गाळ. हसता हसता ती तोंड उघडं ठेवूनच थांबली.

"जितू, ठेवते," म्हणाली, आणि ठेवलाच.

इथे तिच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी ती लग्नाकार्यात सांगत नाही. आपल्याकडे ळ नाही. म्हणजे कागदावर आहे, तोंडात नाही. डोळ्याला आपण डोया म्हणतो, शाळेला शाया. मुंबईच्या कॉलेजात पहिल्या दिवशी उभं राहून नाव सांगायचं होतं. ही उठली आणि म्हणाली, "मी कामिनी कायमेघ." वर्ग हसला. कान आणि वाचा दोन्ही शिकवणारं कॉलेज ते. तिथल्या बाईंनी तिला आरशापुढे बसवलं, जीभ मागे वळवून टाळूला लावायला शिकवली. ळ, ळ, ळ. चार महिन्यांत तिने ते बोलणं जिभेवरून असं खरवडून काढलं, की पुढे गावी गेली तर शेजारीण म्हणायची, कामी आता टीव्हीतल्यावानी बोलते. तिने बरा केलेला पहिला पेशंट ती स्वतः होती.

यादी काढून तिने टेबलावर पसरली. माळला माय. काळला काय. गाळला गाय. चाळला चाय, जाळला जाय, बाळला बाय. वेळ आणि खेळपुढे तिने फुली मारून 'अस्पष्ट' लिहिलं होतं. ते अस्पष्ट म्हणजे वेय आणि खेय. मुंबईच्या त्या यादीत ळचा सुकाळ होता. आठ शब्द. अकरा आणि आठ एकोणीस. एकोणीस त्या खड्ड्याला असे चपखल बसत होते, जसं झाकण डब्याला.

बिचारा एकेक शब्द नीट ऐकून, नीट बोलून, फुल्या खात गेला होता.

दुपारचे पेशंट तिने उद्यावर ढकलले, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि भर उन्हात स्कूटी काढली. अमरावती रोडला ट्रकांच्या रांगेत ती तीनदा चुकीच्या बाजूने घुसली. वर्कशॉप गोडाऊनांच्या मागे होतं. आत पाय टाकला आणि तिचे स्वतःचेच कान मिटायला लागले. चार माणसं पत्रा ठोकत होती, एक जण ग्राइंडर चालवत होता, आणि सगळ्यांच्या कानात काय तर कापसाचे बोळे.

सुपरवायझर ओमप्रकाश पंख्याखाली बसला होता. "किसको ढूँढ रहे मॅडम? चंपत? वो तो एक्टर है हमारा."

चंपतरावाला ती बाहेर टपरीच्या सावलीत घेऊन आली आणि त्याच्या तोंडासमोर तोंड धरून ओरडून सांगितलं. उद्या परत तपासायचं. चूक माझी झाली. पण तपासणीआधी सोळा तास कानाला गोंगाट नको, नाहीतर मोजमाप खरं निघत नाही. म्हणजे आता, या घडीला काम सोडायचं.

"सुट्टी नाही देत थो," चंपतराव म्हणाला. "अन् चूक काय झाली?"

"तुम्ही माय म्हटलं, मी माळ म्हटलं होतं."

"मंग तेच तं म्हटलं मी."

"हो. तेच म्हटलं तुम्ही."

चंपतरावाने आत हातोड्यांकडे बघितलं. "सोंग्या म्हणून लिहून तं देलंच तुम्ही," तो म्हणाला. "आता एक खरंखुरं करूनच घेतो."

तो आत गेला, चार पावलं चालला, पोट धरलं आणि एका रिकाम्या ड्रमावर बसून कण्हायला लागला. "आई वं! आई वं!" कामिनी दारात उभी. आयुष्यात इतकं भिकार सोंग तिने पाहिलं नव्हतं. पोट म्हणावं तर हात बरगड्यांवर, आणि मधूनच डोळा उघडून ओमप्रकाशकडे बघणं. पण ओमप्रकाश धावत आला. "अबे क्या हुआ? क्या खाया? जा, घर जा, इधर मत मर!" खरं बोललेला माणूस खोटा ठरला होता आणि खोटं बोलणारा पहिल्या फटक्यात पास झाला. सोंग पकडणारी बाई पायाजवळचा खिळा बघत राहिली.

बुधवारी सकाळी पेटीत चंपतराव, बाहेर काचेशी नाक लावून यमुताई. कामिनीने या वेळी एक नवीन केलं. शब्द परत म्हणायचा आणि त्याचा अर्थही सांगायचा.

"माळ."

"माय."

"कोणती?"

"गयातली. मण्यायची."

"काळ."

"काय. यमाच्या घरून येते थो."

"गाळ."

"गाय. विहिरीतला."

"चाळ."

"चाय. आमी राहतो थे. भाड्याच्या खोल्यायची."

बाहेर यमुताई म्हणाली, "पाहा बाप्पा, कसं झ्याक बोलून राहिला. घरी एवढं बोलत नाही." एकोणीस बरोबर. सहा चुकले ते स, श, फवाले शब्द. त्या खड्ड्यात गडप झालेले, रीतसर चुकलेले.

इथपर्यंत सोपं होतं. दुपारी रिपोर्ट लिहायला बसली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की नुसता हा कागद चंपतरावाला बुडवेल. मार्चमध्ये अकरा, मेमध्ये एकोणीस. झिजलेले कान आपोआप सुधरत नाहीत. बोर्ड म्हणेल, बघा, पकडला गेला म्हणून आता नीट बोलला. म्हणजे आधी सोंगच होतं. चांगला आकडाच त्याच्यावर शिक्का पक्का करेल. एकच वाट होती. पहिला आकडा चुकीचा आहे आणि तो मी चुकवला, हे लिहून खाली सही करायची. तसं लिहिलं तर यादीतलं नाव राहील का, ते सांगायला जोशी नको होता. निम्मे पेशंट त्या यादीवर येत होते.

ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. दोन वाक्यं लिहिली, खोडली. 'भाषिक फरकामुळे गुणांकनात तफावत' असं लिहून बघितलं. वाचलं तर कळतच नव्हतं तफावत केली कोणी. जशी ती वाऱ्याने आली. तेही खोडलं. शेवटी उभ्या उभ्याच टाइप केलं: मार्चमधील गुणांकन मी केले. रुग्णाने वऱ्हाडी उच्चारात बरोबर दिलेली आठ उत्तरे मी चूक धरली. रुग्णाने काहीही वाढवून सांगितलेले नाही. आठही शब्द खाली लिहिले, समोर त्याचं उत्तर, समोर अर्थ.

गुरुवारी बोर्डात तीन डॉक्टर होते. मधले डॉक्टर उन्मेष, वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मॅडम, तुम्ही कुठल्या?"

"नरखेड तालुक्यातली, सर."

"आणि तुम्हाला हे कळू नये?"

"नाही कळलं."

"की आता दया येऊन राहिली?"

"स्वतःची दया आली असती तर चूक त्याची लिहिली असती सर, माझी नाही."

उन्मेष सरांनी मान वळवली. "चंपतराव! मार्चमध्ये मॅडम तुमची उत्तरं चूक धरत होत्या, तर तुम्ही बोलला का नाहीत?"

प्रश्न दोनदा ओरडावा लागला.

"मले काय माईत चूक धरून राहिल्या?" चंपतराव म्हणाला. "मी तं बरोबर बोलून राहिलो होतो. ह्या मले म्हणे, चहा नंतर. म्या म्हटलं बरं बाप्पा, देतीन नंतर. देलाच नाही."

डावीकडच्या डॉक्टरांना ठसका लागला. उन्मेष सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि लिहायला लागले. हेतुपुरस्सरचं वाक्य रद्द. दावा परत उघडला. टक्केवारीसाठी दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी. निकाल लागेपर्यंत हातोड्याचं काम देऊ नये, असं वर्कशॉपाला पत्र. मग मान न उचलता ते म्हणाले, "आणि मॅडम, मराठी यादीवर आणखी किती जण तपासले तुम्ही? ते समोर येईपर्यंत तुमच्याकडे नवी केस पाठवता येणार नाही."

बाहेर व्हरांड्यात यमुताईने पत्राची घडी करून ब्लाउजात खोचली. तिने आभार मानले नाहीत आणि कामिनीनेही वाट बघितली नाही.

"तुमचं नाव कटलं म्हणे?" चंपतरावाने विचारलं.

"सध्या तरी."

"मंग आता?"

"म्हातारे येतात ना," कामिनी मोठ्याने म्हणाली.

"हओ," चंपतराव म्हणाला. "म्हातारे कुठी जातीन." आणि ते दोघं वाडीच्या बससाठी रस्ता ओलांडून गेले. उद्या ओमप्रकाशला पत्र दाखवून स्टोअरची किल्ली मागायची होती.

शुक्रवारी दवाखान्यात बाकावर दोनच माणसं होती. ती गेल्यावर कामिनीने कपाट उघडलं. सहा वर्षांच्या फायली जमिनीवर ओतल्या आणि मराठी यादीवाल्या वेगळ्या काढल्या. एकवीस निघाल्या. त्यातल्या सात जणांच्या कागदावर ते तयार वाक्य होतं. सात नावं, सात घरं. एक काटोलचा, दोन हिंगण्याचे, एक मोर्शीकडचा. कोणी अपील केलेलं दिसत नव्हतं. कोण करतो? मॅडमने लिहून दिलं म्हटल्यावर माणूस आपल्याच कानावर शंका घेतो.

सगळ्यात वरची फाईल वसंत नावाच्या माणसाची होती, चार वर्षांपूर्वीची. तिने नंबर लावला आणि फेऱ्या मारायला लागली.

"हॅलो, वसंतराव का? मी सदरच्या कानाच्या दवाखान्यातून बोलते."

"कोन?"

"कानाच्या! कान!"

"लोन नाही पायजे!" फोन कट.

परत लावला. "भाऊ, फोन ठेवू नका! मी कामिनी मॅडम! तुमचं ऐकणं तपासलं होतं!"

"अवं बाई, सांगतलं ना एकडाव! नाही पायजे लोन!"

तिसऱ्यांदा ती खिडकीशी उभी राहून अशी ओरडली, की खालचा चष्मेवाला दुकानाबाहेर येऊन वर बघायला लागला. "वसंतभाऊ, घरात कोणी आहे का गा? बायको, पोरगं, कोणी असीन तं त्याइच्या हाती फोन द्या!" जीभ कधी घसरली, तिला समजलं नाही. तिकडून फोन पुन्हा कापला गेला.

ज्याला ऐकू येत नाही त्याला फोन लावून काय मिळणार होतं? फायलीवर पत्ता होता. हिंगणा, बाजार चौकामागे. तिने सातही फायली पिशवीत कोंबल्या, स्कार्फ बांधला आणि स्कूटीची किल्ली शोधायला लागली.